कात्रजचे पाणी

मराठी भाषेत ‘कात्रजचा घाट दाखविणे’ असा एक वाक्प्रचार आहे. एखाद्याला हुलकावणी देऊन भलत्याच वाटेला लावले म्हणजे त्याला कात्रजचा घाट दाखविला, असे आपण म्हणतो. या वाक्प्रचाराचा उगम ५ एप्रिल १६६३ च्या रात्रीशी जोडला जातो. त्या रात्री छत्रपती शिवाजी महाराजांनी पुण्याच्या लाल महालात तळ ठोकून बसलेल्या शाएस्तेखानावर छापा घातला. खानाची बोटे तुटली आणि जीव तेवढा वाचला. परंपरेने सांगितली जाणारी कथा अशी की, महाराज सिंहगडाच्या रोखाने निघून गेले आणि त्याच सुमारास कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना बांधलेले पलिते पेटविण्यात आले. अंधारात हलणारे ते दिवे पाहून मराठी फौज त्याच वाटेने चालली आहे, असे मोगलांना वाटले. ते घाटाकडे धावले आणि तेथे त्यांना बैल भेटले.

या एका रात्रीने कात्रजचे नाव भाषेत कायमचे कोरले गेले. परंतु त्यानंतर नव्वदएक वर्षांनी याच कात्रजच्या डोंगरपायथ्याशी दुसरी एक गोष्ट घडली. तिच्यावरून कोणताही वाक्प्रचार निघाला नाही. तेथे पडणारे पावसाचे पाणी अडविण्यात आले आणि जमिनीखालून, डोळ्यांना न दिसता, सुमारे आठ-नऊ किलोमीटर चालत पुण्याच्या पेठांत आणून सोडण्यात आले. शिंगांना बांधलेल्या पलित्यांनी शत्रूला फसविले. या पाण्याने मात्र कित्येक पिढ्यांच्या पुणेकरांना फसविले नाही. त्या पाण्याची ही हकीकत आहे.

पेठा वाढल्या, पाणी अपुरे पडले

पहिल्या बाजीरावांनी पुणे हे आपल्या निवासाचे ठिकाण केले, तेव्हा ते एक लहानसे कसब्याचे गाव होते. शनिवारवाड्याच्या बांधकामाचा प्रारंभ १० जानेवारी १७३० रोजी झाला आणि २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांती झाली. पुढे १७४० मध्ये बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब यांना पेशवेपद मिळाले. त्यांच्या एकवीस वर्षांच्या कारकीर्दीत पुण्याचा विस्तार झपाट्याने झाला. सरदारांचे वाडे उठले, सावकार व व्यापारी आले, कारागीर आले, विद्वान व भिक्षुक आले. जुन्या पेठा भरल्या आणि नव्या वसल्या. १७४९ मध्ये पर्वतीच्या टेकडीवर देवदेवेश्वराचे मंदिर उभे राहिले.

मनुष्यवस्ती वाढली म्हणजे पहिली ओढाताण पाण्याची होते. मुठा नदी गावाच्या कडेने वाहत होती हे खरे. परंतु नदीचे पात्र सखल आणि वस्ती त्याहून उंचावर. नदीवरून पाणी आणावयाचे म्हणजे डोक्यावर घागर किंवा खांद्यावर कावड घेऊन चढण चढावयाची. उन्हाळ्यात पात्र रोडावे, तर पावसाळ्यात गढूळ होई. वाड्यांतून विहिरी होत्या, पण प्रत्येक घराला विहीर असणे शक्य नव्हते.

अशा वेळी दक्षिणेकडील डोंगराचा विचार पुढे आला. कात्रजच्या डोंगरातून आंबील ओढा उगम पावतो आणि उत्तरेकडे शहराच्या दिशेने येतो. उगमाकडील जमीन उंच आणि शहर सखल. वर अडविलेले पाणी बंद मार्गाने खाली आणले, तर ते माणसाच्या किंवा बैलाच्या श्रमावाचून आपल्या पायांनी शहरात येईल, हा हिशेब त्या काळच्या जाणत्यांनी केला. नानासाहेबांच्या आज्ञेने १७४९-५० च्या सुमारास हे काम हाती घेण्यात आले.

दोन तलाव व एक नळ

या योजनेचे दोन मुख्य भाग होते. पहिला भाग म्हणजे कात्रज येथील तलाव. ओढ्याच्या खोऱ्यात भक्कम दगडी बांध घालून पाणी अडविण्यात आले. येथे एकापाठोपाठ एक असे दोन तलाव आहेत; त्यांना वरचा तलाव व खालचा तलाव असे म्हणतात. या मांडणीत एक साधे शहाणपण आहे. डोंगरावरून उतरणारे पावसाचे पाणी सोबत माती, पाला व खडे घेऊन येते. ते वरच्या तलावात थांबले की वेग मंदावतो आणि जड गाळ तळाशी बसतो. त्यानंतर खाली उतरणारे पाणी पुष्कळ निवळलेले असते. आजच्या जलशुद्धीकरण केंद्रातही पहिली पायरी पाणी निवळविण्याचीच असते.

दुसरा भाग म्हणजे जमिनीखालचा बांधीव नळ. ‘नळ’ म्हटल्यावर आज आपल्यापुढे हाताच्या मनगटाएवढी लोखंडी नळी उभी राहते. कात्रजचा नळ तसा नव्हे. चुन्यात बांधलेला आणि वरून कमानीने झाकलेला तो एक भुयारवजा मार्ग आहे. त्याची रुंदी सुमारे अडीच फूट व उंची सुमारे सहा फूट सांगितली जाते. म्हणजे एक माणूस त्यातून चालत जाऊ शकतो. एवढी उंची पाण्यासाठी लागत नाही. ती माणसासाठी ठेवली आहे. जो नळ साफ करावयास माणूस आत उतरू शकत नाही, तो काही वर्षांतच गाळाने बुजतो, हे बांधणाऱ्यांना ठाऊक होते. त्यांनी बांधतानाच दुरुस्तीची सोय करून ठेवली.

नळ जमिनीखालून नेण्यातही हेतू होता. उघड्या पाटाचे पाणी उन्हाने आटते. त्यात गुरे उतरतात, पालापाचोळा पडतो आणि वाटेतला शेतकरी पाट फोडून पाणी आपल्या मळ्यात वळवितो. झाकलेल्या नळाला या सर्व गोष्टींपासून संरक्षण मिळते. शिवाय शत्रू आला तरी शहराचे पाणी कोठून येते, हे त्याला सहजी उमगत नाही.

अशा नळाचा उतार राखणे हे सर्वांत अवघड काम. उतार फार ठेवला तर पाण्याच्या वेगाने चुना धुपतो आणि तळ उखडतो. फार थोडा ठेवला तर पाणी रेंगाळते आणि गाळ बसतो. कात्रजपासून आजच्या पुणे-सातारा रस्त्याच्या बाजूने धनकवडी, पद्मावती अशा उंचसखल भागांतून हा मार्ग शहराकडे नेताना कारागिरांनी तो तोल किती काळजीने सांभाळला असेल, याची कल्पना या रस्त्याने सायकल चालविणाऱ्या कोणालाही येईल.

उच्छ्वास

या नळावर ठराविक अंतराने दगडी बांधणीचे उभे धुराडेवजा मनोरे उभारलेले होते. त्यांना ‘उच्छ्वास’ असे समर्पक नाव आहे. आपण श्वास आत घेतो आणि उच्छ्वास बाहेर सोडतो. हे मनोरे जमिनीखाली वाहणाऱ्या पाण्याचे उच्छ्वास होत.

त्यांची कामे अनेक होती. बंद नळातून पाणी वाहू लागले म्हणजे त्याबरोबर हवाही आत ओढली जाते. ती एखाद्या उंचवट्याशी कोंडून बसली की पाण्याची वाट अडते. उच्छ्वासातून ही हवा बाहेर पडते. सखल भागात पाण्याचा दाब वाढतो. तेथे उच्छ्वासात पाणी वर चढते आणि नळाच्या भिंतींवरचा ताण हलका होतो. वाहत आलेला गाळ थोपवून धरण्यासाठी व काढण्यासाठीही ही जागा सोयीची. आणि आत उतरून सफाई करणाऱ्या माणसाला उजेड व मोकळी हवा येथूनच मिळते.

जमिनीखालचा पाण्याचा मार्ग आणि त्यावर मधून मधून उभे झरोके ही कल्पना पुण्याचीच आहे, असे नव्हे. इराणमध्ये डोंगरातले भूगर्भजल दूरवर नेणारी ‘कनात’ नावाची प्राचीन पद्धती आहे. रोमन लोकांनी आपला पहिला मोठा जलमार्ग इ. स. पूर्व ३१२ मध्ये बांधला आणि तोही बहुतांशी जमिनीखालूनच नेला होता. आपल्याच महाराष्ट्रात मलिक अंबराने सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात खडकी गावी, म्हणजे पुढे औरंगाबाद व आता छत्रपती संभाजीनगर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शहरात, ‘नहर-ए-अंबरी’ आणली. त्याच परंपरेतील एका नहरीच्या पाण्यावर तेथील पाणचक्की फिरत असे. कात्रजचा नळ हा या मोठ्या कुटुंबातला एक घटक होय. मात्र कनातीचे पाणी भूगर्भातले, तर कात्रजचे पाणी तलावात साठविलेले पावसाचे, हा फरक ध्यानात ठेवावयास हवा.

वर्गात करण्याजोगा एक प्रयोग

शनिवारवाड्यात ‘हजारी कारंजे’ नावाचे एक कारंजे आहे. सोळा पाकळ्यांच्या कमळाच्या आकाराचे हे कारंजे बालवयातील सवाई माधवरावांच्या मनोरंजनासाठी करविले, असे सांगतात. नावात हजार असले तरी तोट्यांची खरी संख्या त्याहून पुष्कळच कमी आहे. वीज नाही, पंप नाही, वाफेचे यंत्र नाही. मग अठराव्या शतकात कारंजे उडत होते कशाच्या बळावर, असा प्रश्न वाडा पाहावयास आलेली शाळकरी मुले हटकून विचारतात.

शिक्षकांना याचे उत्तर वर्गातच दाखविता येईल. एक पाण्याने भरलेली बादली टेबलावर ठेवावी. एक लांब रबरी नळी पाण्याने पूर्ण भरून, दोन्ही तोंडे बोटांनी दाबून, तिचे एक टोक बादलीत बुडवावे व दुसरे जमिनीजवळ आणून तोंड वर करून धरावे. बोटे काढताच पाणी वर उसळते. बादली आणखी उंचावर ठेवली तर उसळी वाढते. खाली आणली तर कमी होते. पाणी आपली मूळ पातळी गाठू पाहते. टेबलावरील बादलीच्या जागी डोंगरपायथ्याचा तलाव आणि रबरी नळीच्या जागी चुनेगच्ची नळ कल्पावा, म्हणजे पेशव्यांच्या कारंज्याचे रहस्य उलगडते. तिसरीतल्या मुलालाही हे समजते, आणि एकदा समजले की तो ते विसरत नाही.

हौदांचे शहर

शहरात आलेले पाणी हौदांत सोडले जाई. हौद म्हणजे चुन्यात बांधलेली दगडी टाकी. एका हौदातून खापरी वा तांब्याच्या नळांनी पाणी पुढे जाई. कात्रजच्या नळाखेरीज पुण्यात पुढे आणखीही काही नळ आले. नाना फडणविसांनी नऱ्हे-आंबेगावच्या बाजूने सदाशिव पेठेकडे आणलेला नळ त्यांपैकी एक होय. या साऱ्या नळांनी पुण्याला हौदांचे शहर बनविले.

त्या हौदांपैकी फार थोडे आज पाण्याने भरलेले आहेत. परंतु त्यांची नावे शहराने सोडलेली नाहीत. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद, साततोटी, सदाशिव पेठ हौद, बाहुलीचा हौद, पंचहौद ही नावे पुणेकर आजही पत्ता सांगताना घेतात. परगावचा माणूस हौद शोधत राहतो आणि त्याला चौक सापडतो.

हौद ही केवळ पाणी भरण्याची जागा नव्हती. पहाटेपासून तेथे घागरी, कळश्या, हंडे यांची रांग लागे. श्रीमंतांघरी पाणी पोहोचविणारा पाणक्या, खांद्यावर कावड घेतलेला गडी, बैलाच्या पाठीवर चामड्याची पखाल लादून येणारा पखालजी यांची तेथे गाठ पडे. गावातली बातमी प्रथम हौदावर येई आणि मग घागरीबरोबर घरोघर जाई.

पंचहौदाचे नाव तर आपल्या सामाजिक इतिहासातच नमूद आहे. या भागातील मिशनच्या आवारात ऑक्टोबर १८९० मध्ये एका व्याख्यानाच्या निमित्ताने पुण्यातील अनेक प्रतिष्ठित गृहस्थ जमले होते. त्यांत न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे व लोकमान्य टिळक यांचा समावेश होता. तेथे सर्वांपुढे चहा व बिस्किटे ठेवण्यात आली. आनंदीबाई जोशी यांचे पती गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे प्रसिद्धीस दिली आणि शहरात गदारोळ उडाला. ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या घरचा चहा घेतला म्हणून ग्रामण्य झाले, धर्मपीठाकडून चौकशी झाली, प्रायश्चित्ते झाली. एका पेल्यावरून एवढे रण माजावे, याचे आजच्या तरुणास हसू येईल. परंतु त्या काळी कोणाच्या हातचे पाणी प्यावे आणि कोणाच्या हातचे पिऊ नये, यावर माणसाची प्रतिष्ठा ठरत होती.

पाणी कोणाचे?

येथे या हकीकतीची दुसरी बाजू सांगणे प्राप्त आहे. कात्रजच्या नळाच्या स्थापत्याचे आपण कौतुक करतो आणि ते योग्यही आहे. परंतु नळाचे पाणी शहरात आले म्हणजे ते शहरातील प्रत्येकाला मिळाले, असा त्याचा अर्थ होत नाही. उतार, दाब आणि पातळी यांचे नियम कारागिरांना कळले होते. पाणी त्या नियमांप्रमाणे शहरात उतरले. शहरात उतरल्यावर मात्र ते जातीच्या नियमांप्रमाणे वाटले गेले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या स्त्रीपुरुषांना सार्वजनिक म्हणविल्या जाणाऱ्या हौदांवर घागर बुडविण्याची मुभा नव्हती. दुसऱ्या कोणी दया येऊन वरून पाणी ओतले, तर ते घ्यावयाचे. हौदापासून चार पावलांवर उभे राहून तहानेले परत जाणाऱ्यांच्या दृष्टीने कात्रज पुष्कळच दूर होते.

हा नियम मोडण्यास पुण्यातच प्रारंभ झाला. महात्मा जोतीराव फुले यांनी १८६८ मध्ये गंज पेठेतील आपल्या राहत्या घराचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. शासनाचा हुकूम नव्हता, कायदा नव्हता, नगरपालिकेचा ठराव नव्हता. एका गृहस्थाने आपल्या दारचे पाणी सर्वांचे आहे, असे ठरविले. सत्यशोधक चळवळीतील त्यांचे सहकारी, प्रसिद्ध शल्यवैद्य डॉ. विश्राम रामजी घोले यांनी बाळपणीच निवर्तलेल्या आपल्या कन्येच्या स्मरणार्थ बाहुलीचा हौद बांधला आणि तोही सर्व जातींच्या लोकांना मोकळा ठेवला. लाडक्या मुलीचे स्मारक म्हणून छत्री किंवा समाधी न उभारता एका पित्याने तहानलेल्यांसाठी पाणी ठेवले, ही गोष्ट कोणत्याही कारंज्याहून अधिक स्मरणीय आहे.

पुढची वाटचाल वाचकांस परिचित आहे. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत, हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने ऑगस्ट १९२३ मध्ये संमत केला. तो कागदावरच राहिला, तेव्हा २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाड येथे चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने प्राशन केले. तळ्याचा वाद न्यायालयात गेला आणि १९३७ मध्ये उच्च न्यायालयाने अस्पृश्यांचा हक्क मान्य केला. १८६८ चा हौद आणि १९२७ चे तळे यांच्यामध्ये एकोणसाठ वर्षांचे अंतर आहे. ठराव मंजूर होणे आणि घागर भरली जाणे यांमधील अंतर किती असू शकते, हे ग्रामपंचायतीत काम करणाऱ्यांना वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

नळ आले, हौद मागे पडले

पेशवाई १८१८ मध्ये संपली. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेल्या आगीत शनिवारवाड्यातील इमारती भस्मसात झाल्या. जमिनीखालच्या नळाला आगीची झळ लागण्याचे कारण नव्हते. तो वाहतच राहिला. पुढे शहर व लष्कर यांची गरज वाढली, तेव्हा मुठा नदीवर खडकवासला येथे मोठे धरण बांधण्याचे काम १८६९ मध्ये सुरू झाले व सुमारे दहा वर्षांत पूर्ण झाले. या कामाशी निगडित असलेल्या फाइफ या अभियंत्याच्या नावाने जलाशयास ‘लेक फाइफ’ म्हणत. हळूहळू लोखंडी नळ घरोघर गेले आणि हौदावरची रांग ओसरली.

घरात तोटी आली, ही मोठीच सोय झाली. आरोग्याच्या दृष्टीनेही ती हितकर होती. उघड्या पाण्यात प्रत्येकाने आपले भांडे किंवा पाय बुडवावयाचा म्हटले की रोगांचा शिरकाव होतोच. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरण्याच्या पद्धतीमुळे नारूसारखा रोग आपल्या खेड्यापाड्यांत पिढ्यान्पिढ्या ठाण मांडून बसला होता. भारत नारूमुक्त झाल्याचे २००० मध्ये जाहीर झाले, ते सुरक्षित पाण्यामुळेच. तेव्हा जुने ते सारेच सोने, असे म्हणण्याचे कारण नाही.

परंतु नव्यावर सर्वस्वी विसंबणाऱ्यांस एकदा धडा मिळाला. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याच्या धरणालाही भगदाड पडले आणि पुण्यात हाहाकार उडाला. पूर ओसरला, पण घरातील तोट्या कोरड्या पडल्या. चोहोकडे चिखल आणि प्यावयास पाणी नाही, अशा त्या दिवसांत पुणेकरांची पावले जुन्या विहिरींकडे व हौदांकडे वळली, अशी आठवण जुनी मंडळी सांगत आली आहेत.

ओढ्याची आठवण

कात्रजच्या पाण्याचा दुसरा वारसा म्हणजे आंबील ओढा. पूर्वी हा ओढा पुढे पेठांच्या जागेतून मुठेकडे जात असे. नानासाहेबांच्या काळात त्याचा प्रवाह वळवून पेठांच्या पश्चिमेकडून नेण्यात आला आणि पर्वतीच्या पायथ्याशी तळे करण्यात आले. त्या तळ्यातील बेटावर सारसबाग होती. तेथील गणपतीला ‘तळ्यातला गणपती’ हे नाव त्यावरून पडले. पुढे तळे बुजले. १९५३ मध्ये शेजारी पेशवे उद्यान झाले. तेथील प्राणी नंतर कात्रजला १९९९ मध्ये सुरू झालेल्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात गेले. म्हणजे एके काळी कात्रजचे पाणी पर्वतीखाली आले, आणि अडीचशे वर्षांनी पर्वतीखालचे प्राणी कात्रजच्या तळ्याकाठी गेले. इतिहासाच्या अशा फेऱ्या मौजेच्या असतात.

सर्वच फेऱ्या मात्र मौजेच्या नसतात. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रज परिसरात अतिवृष्टी झाली आणि आंबील ओढ्याला अचानक मोठा पूर आला. अरण्येश्वर, सहकारनगर या भागांतील वस्त्यांमध्ये पाणी शिरले, भिंती कोसळल्या, वाहने वाहून गेली. त्या पावसात पुणे शहर व परिसरात वीसहून अधिक माणसे दगावली. ओढा काही त्या रात्री नव्याने जन्मलेला नव्हता. तो पूर्वापार तेथेच होता. त्याच्या काठांवर मात्र शहर इंचाइंचाने पुढे सरकले होते. वर्षातील बहुतेक दिवस कोरडा दिसणारा ओढा म्हणजे मोकळी जागा, असा समज करून घेतला की एखाद्या रात्री त्याची किंमत द्यावी लागते. ज्यांनी अठराव्या शतकात हा प्रवाह वळविला, त्यांनी त्याला दुसरी वाट दिली होती. वाट न देता केवळ जागा घेणे, ही अलीकडची पद्धत आहे.

आपल्या गावातील कात्रज

ही हकीकत पुण्याची असली तरी प्रश्न गावोगावचा आहे. महाराष्ट्रात असा तालुका विरळा की जेथे जुन्या जलव्यवस्थेची खूण नाही. सातारा जिल्ह्यातील लिंब येथे शके १६४१ ते १६४६ या काळात बांधलेली बारा मोटांची विहीर आहे. धुळे-नाशिक भागात बंधाऱ्यांच्या पाण्यावर चालणारी फड पद्धती शेतकऱ्यांनी आपसांत पाणी वाटून घेऊन टिकविली. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत कोहळी समाजाच्या जाणकारांनी बांधलेले तलाव ‘माजी मालगुजारी तलाव’ म्हणून आजही धानाला पाणी देतात. यांपैकी पुष्कळ ठिकाणी काम नवे करावयाचे नसते. साचलेला गाळ काढावयाचा असतो आणि बुजलेली वाट मोकळी करावयाची असते. २००२ मधील शिवकालीन पाणी साठवण योजना किंवा २०१४ च्या अखेरीस घोषित झालेले जलयुक्त शिवार अभियान यांच्यामागे जुन्या साठ्यांचे पुनरुज्जीवन हा एक विचार होताच.

घटनेच्या ७३ व्या दुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत पिण्याचे पाणी, जलव्यवस्थापन आणि सामुदायिक मालमत्तेची निगा हे विषय पंचायतींच्या कक्षेत आले आहेत. आणि आपल्या संमिश्र संस्कृतीच्या वारशाचे जतन करणे हे घटनेच्या ५१-अ अनुच्छेदानुसार प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य आहे. जुना तलाव, बारव, हौद किंवा पाट यांच्या बाबतीत हे दोन्ही धागे एकत्र येतात.

प्रारंभ लहानच असू शकतो. शिक्षकांनी मुलांना गावातील वृद्धांकडे पाठवावे आणि कोणती विहीर कोणी बांधली, तिचे पाणी कोणत्या महिन्यापर्यंत पुरे, ओढ्याची जुनी वाट कोठून होती, हे लिहून आणावयास सांगावे. त्या विहिरीवर कोणाला पाणी भरू देत नसत, हेही विचारण्यास सांगावे. मुलांना ते कळणे आवश्यक आहे. ग्रामपंचायत सदस्यांनी ही माहिती गावच्या नकाशावर मांडावी. रस्त्यासाठी किंवा इमारतीसाठी खोदकाम करताना जुनी कमान किंवा दगडी पाट लागला, तर संबंधित अधिकाऱ्यांनी काम क्षणभर थांबवून तो काय आहे, याची चौकशी करावी. पुण्यात उच्छ्वासांपैकी कित्येक नाहीसे झाले, ते कोणी वैर धरून पाडले म्हणून नव्हे. हा जुना खांब कशाचा, हे शेजारच्यांस ठाऊक नव्हते, एवढेच.

कात्रजच्या खालच्या तलावाकाठी आज रविवारी सहकुटुंब येणाऱ्यांची गर्दी असते. मुले वाघ पाहतात, साप पाहतात, तळ्यावरील पक्षी पाहतात. या तळ्याचे पाणी एके काळी आपल्या पणजोबांच्या दारापर्यंत चालत येत होते, एवढे एक वाक्य त्यांना सोबतच्या मोठ्या माणसांनी सांगावे. घाट दाखविणारे कात्रज भाषेने जपले आहे. पाणी देणारे कात्रज जपणे आता आपल्याकडे आहे.